शेततळ्यावरून हरवलेलं शिसं

या, असे पुढं सरकून बसा. मागं खांबाला टेकलात की डोळा लागतो, आणि मग निम्मी गोष्ट ऐकून घरी जाऊन भलतंच सांगता. आज मी तुम्हाला एका चोरीची गोष्ट सांगणार आहे. सोनं नव्हे, मोती नव्हे. एका खेळातल्या शिडाच्या बोटीखालचं शिसं गेलं. गेलं ते भर सणाला, उजाडता उजाडता, वीस माणसांच्या देखत असल्यासारखं. आणि ते कुठं होतं हे कळल्यावर हात जोडावेत की कपाळावर हात मारून घ्यावा, हे तुमचं तुम्ही ठरवा. महादेवाचं नाव घेऊ आणि सुरुवात करू.

१

उमादेवी लातूरच्या एका कॉलेजात बत्तीस वर्षं फिजिक्स शिकवून रिटायर झाल्या. त्यांना लहानथोर सगळेच अक्का म्हणतात. रिटायर झालेली माणसं तीर्थयात्रा करतात, अक्कांनी रिमोटवरच्या शिडाच्या बोटी धरल्या. या बोटींना मोटर नसते. वारा शिडात भरतो, माणूस काठावर उभा राहून रिमोटनं शीड ओढतो, सोडतो आणि सुकाणू वळवतो. एवढंच. पण एवढ्यावर पन्नाशीची माणसं दुसरीतल्या पोरांसारखी भांडतात. वर्षातून एकदा लातूरकर आणि नांदेडकर मिळून मैत्रीची शर्यत लावतात आणि पंचाची शिट्टी अक्कांच्या गळ्यात असते. मैत्रीची हा शब्द अक्का अलीकडं दात चावूनच उच्चारायच्या.

त्या वर्षी शर्यत ठरली येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला. त्या दिवशी आख्खं लातूर कुलूप लावून रानात जातं. रानात कडब्याची कोप उभारायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून पाच पांडव म्हणून मांडायचे, पुजायचे, आणि मग आंबील, भज्जी, उंडे असं पोट फुटेस्तोवर जेवायचं. औशाजवळ बसलिंगप्पांचं रान आहे. आडतीचे व्यापारी, मोठ्या मनाचा माणूस. त्यांच्या रानात नवं शेततळं झालेलं. "अक्का, तळं माझं, जेवण गुरम्माचं. तुमी फकस्त शिट्टी घेऊन या," असं त्यांनी आग्रहानं सांगितलेलं.

आठ वाजता अक्का रानात उतरल्या. गुडघा दुखत होता. अजून चप्पल काढली नव्हती तोच तळ्याकडून आवाज आला.

"चोरी! अक्का, चोरी झाली! माझं शिसं नेलं!"

लातूरचे दातांचे डॉक्टर राजशेखर पाणी उपसायच्या मोटारीच्या खोलीच्या दारात उभे होते. हातात त्यांची पांढरीशुभ्र बोट. तिच्या पोटातून खाली आलेलं काळं पातं होतं, पण पात्याच्या टोकाला जो शिशाचा लांबट गोळा बसवतात, तो नव्हता. सव्वादोन किलोचं ते शिसं म्हणजे बोटीचा प्राण. ते नसलं तर बोट पाण्यात सोडताच कुशीवर पडते.

"शांत व्हा डॉक्टर. कुठं ठेवलं होतं?"

"खोलीत! काल संध्याकाळी बोट इथं आणून ठेवली, कुलूप लावलं, किल्ली घेऊन घरी गेलो. शिसं पेटीत होतं. आता पेटी रिकामी! आणि सकाळी मी आलो तेव्हा इथं या कट्ट्यावर कोण बसलं होतं, विचारा!"

"कोण?"

राजशेखरांनी बोट दाखवलं नाही. त्यांनी अख्खा हात लांब केला. आणि त्या हाताच्या टोकाला, बायकोशेजारी उभा असलेला मुखेडचा हरिओम पांढराफटक पडला.

२

हरिओमचं मुखेडात मोटर वाइंडिंगचं दुकान. आसपासच्या खेड्यांतले लोक जळालेल्या मोटारी त्याच्याकडं टाकून जातात. मोटारीच्या पोटात किलो-किलो तांब्याची तार असते. किती निघाली, किती भरली, कुणी मोजायला बसत नाही. हरिओमकडं टाकली म्हणजे टाकली, एवढाच करार. हात इतका बारीक की नांदेडकरांच्या सगळ्या बोटींची शिसं त्यानंच ओतून दिलेली. आदल्या दिवशी तो बायकोला, शिल्पाला घेऊन लातुरात मावशीकडं उतरला होता आणि पहिल्या बसनं औशाला येऊन चालत रानात पोचला होता.

"सात वाजता आलो अक्का," तो म्हणाला. "तळ्यावर कुणीच दिसंना. म्हणून कट्ट्यावर टेकलो. खोलीला कुलूप होतं. मी कशालाच हात न्हाई लावला."

"सातला आला. मी साडेसातला आलो. अर्धा तास!" राजशेखर म्हणाले. "आणि शिसं लागतं कुणाला? शिसं वितळवतं कोण? पिशवी उघडा म्हणावं त्याची."

"डॉक्टर, हे काय बोलून राहिलात?" अक्का म्हणाल्या.

"उघडू द्या की अक्का," हरिओम हळूच म्हणाला. "माझ्या पिशवीत काय हाय?"

आणि त्यानं स्वतःच पिशवी जमिनीवर उलटी केली. टॉवेल, पान्ह्यांचा डबा, शिल्पानं दिलेल्या दशम्या. आणि खळकन पडल्या चार शिशाच्या पट्ट्या.

"हे बघा!" राजशेखरांनी खिशातून मोबाइल काढून फोटोसुद्धा घेतला.

अक्कांना आता खरोखरच वैताग आला. बत्तीस वर्षं त्यांनी पोरांच्या डोक्यात वस्तुमान भरलं, आणि हा डॉक्टर झालेला माणूस!

"डॉक्टर, या पट्ट्या प्रत्येकाच्या पिशवीत असतात. बोट पुढं झुकली की मागं चिकटवायच्या. चारी मिळून पाव किलो भरायच्या नाहीत. तुमचं शिसं सव्वादोन किलो. उरलेलं दोन किलो यानं गिळलं का?"

"वितळवलं असेल. कोपीपाशी चूल पेटलेलीच आहे!"

"माझ्या चुलीवर?" भज्जी ढवळायची पळी घेऊन गुरम्मा, म्हणजे बसलिंगप्पांच्या घरच्या, कोपीकडून तरातरा आल्या. "अय्यो शिवा! माझी चूल पहाटं पेटली तशी मी तिच्यापुढून हलले न्हाई. माझ्या भज्जीत शिसं हाय म्हणता काय डॉक्टर? मग जेवू नका तुम्ही!"

"तसं नाही वहिनी..."

"आणि कसं?"

शिल्पा अक्कांजवळ आली. आवाज लहान होता, पण थरथरत नव्हता.

"अक्का, आमच्याकडं माणसं मोटारी टाकून जातात ते यांच्या तोंडाकडं बघून. हे चोर ठरले तर दुकानाचं शटर उघडायचं कशाला? संध्याकाळच्या आत छडा लावा. न्हाई तर आमाला पुन्हा बलावू नका."

अक्कांनी शिट्टी मुठीत धरली. तेवढ्यात तळ्याकडून धबाक्कन आवाज झाला. कुणीतरी पाण्यात पडलं होतं.

३

पडला नव्हता, उतरला होता. नांदेडचा रविकिरण, पॉलिटेक्निकात शिकवणारा, छातीपर्यंतची रबरी पँट घालून तळ्यात उभा. बोटींनी ज्यांना वळसा घालायचा ते शर्यतीचे डबे तो मघापासून पाण्यात लावत होता. गेल्या तीन वर्षांत तिन्ही वेळा राजशेखरांच्या बोटीनं त्याला बोटभर अंतरानं हरवलेलं, हे सगळ्यांना ठाऊक.

"आता हा राहिला," राजशेखर म्हणाले. "यानंच पाण्यात टाकलं असेल."

"टाकलं तर टाकलं! बघा शोधून!" रविकिरण तिथूनच ओरडला. "सकाळपासून मरमर मरून राहिलो. डबे तरंगून पळू नयेत म्हणून खाली दगड बांधायला पाहिजे, तर या अख्ख्या रानात दगड नाही! नुसती काळी माती. शेवटी रस्त्यावरचा मुरूम पिशव्यांत भरून आणला. आणि हे म्हणतात मी शिसं टाकलं. अहो, सव्वादोन किलोचं आयतं वजन हाती लागलं असतं तर मी डब्यालाच बांधलं नसतं का?"

"बांबूनं चाचपा," राजशेखर म्हणाले.

"खबरदार!" बसलिंगप्पा धोतराचा सोगा धरून धावत आले. "बांबू लावायचा न्हाई! तळ्याला पलाष्टिकचा कागद हाय. कागद फाटला तर सगळं पाणी मातीत. औंदा जेसीबी लावून बांध उंच केला, निम्मं रान उकरलं, तवा कुठं हे पाणी थांबलं."

"उकरलं ते उकरलंच," बाजूनं चुन्याचं भगुलं घासत असलेली गुणाबाई पुटपुटली. ही बसलिंगप्पांच्या रानातली जुनी कामकरीण, कोपीची सगळी मांडामांड तिच्याच हातची. "त्या मशिनीनं माझी चिंचेखालची जागा गाडून टाकली. काय गेलं, काय ऱ्हायलं, कुणी इचारलं का? मालकाला पाणी दिसतंय नुसतं."

"गुणाबाई, आता तू नको चालू होऊस," बसलिंगप्पा म्हणाले.

रविकिरण पायांनीच सगळा तळ चाचपून आला. अर्धा तास गेला. सापडलं काय? एक प्लास्टिकची बाटली. बाहेर येऊन तो राजशेखरांना म्हणाला, "तुमच्या शिशाला भोकं तुमच्या पात्याच्या मापाची. माझ्या बोटीला ते बसणारच नाही. मग मी कशाला नेऊ? उलट मी तर यंदा वजनकाटा आणलाय. पातं आणि शिसं मिळून अडीच किलोच्या आत पाहिजे, हा नियम आपण नुसता वाचतो. यंदा म्हटलं सगळ्यांची मोजू."

"काटा?" राजशेखर म्हणाले. "कुणाला विचारून आणला काटा? मैत्रीच्या शर्यतीत काटा कसला?"

"मैत्रीच्या शर्यतीत पिशव्यांची झडती होते, मग काटा का नको?"

अक्कांनी जोरात शिट्टी फुंकली. "पुरे! पूजेची वेळ झाली. आधी देवाला हात जोडा सगळ्यांनी. बुद्धी मागा. ज्याच्याकडं शिल्लक आहे त्यानंसुद्धा मागा."

४

कोपीत पाच पांडव मांडलेले. चुन्यानं पांढरे, वर कावेच्या रेघा, डोक्यावर हिरव्या कापडाची सावली, पुढं आंबिलीचा माठ. गुरम्मांनी आरती केली. बसलिंगप्पा आंबिलीचं मडकं घेऊन रानाच्या कडेनं शिंपडत निघाले, मागं सगळ्यांनी हर हर महादेव केलं. भांडणं काय, रुसवे काय, त्या एका आवाजात सगळे एक झाले. माझ्यासारख्याला विचाराल तर भक्तीची हीच गंमत आहे. पण ती टिकली किती? बसलिंगप्पा परत कोपीशी पोचेपर्यंत.

अक्का सगळ्यांच्या शेवटी आत वाकल्या. मधल्या मोठ्या पांडवाच्या अंगावरचा चुना पापडासारखा सुटून आला होता. "गुरम्मा, यंदा चुना बरोबर कालवला नाही गं. हा बघ कसा सोलून राहिलाय."

"चुना तोच की. बाकीच्यांना बसला बघ."

अक्का काही बोलणार तोच बाहेरून शिल्पाचा आवाज आला. आता तो थरथरत होता.

"अक्का! हे बघा काय केलं यांनी!"

राजशेखरांनी तो फोटो ग्रुपवर टाकला होता. शर्यतवाल्यांचा ग्रुप, साठ माणसं, त्यातली आठ-दहा मुखेड-देगलूरकडची. खाली एक ओळ: शिसं कुणाच्या पिशवीत निघालं पाहा. त्याखाली मुखेडच्या एकानं विचारलेलं: हा आपला वाइंडिंगवाला हरिओम का?

हरिओमनं ती ओळ वाचली. बोट पिशवीत घातली, चेन लावली, गुरम्माला वाकून नमस्कार केला. "येतो अम्मा."

"अरे न जेवता? येळवशीला? अशुभ असतंय रे!"

"घास उतरायचा न्हाई, अम्मा."

दोघं बांधावरून रस्त्याकडं चालू लागली. येळवशीला त्या रस्त्यानं बस तासा-दोन तासांनी, तीही रिकामी. अक्का बघत राहिल्या. त्यांना राजशेखरांचा राग आला, रविकिरणचा आला, काट्याचा आला, स्वतःचा तर फारच. एवढी माणसं, एक खोली, एक कुलूप. बत्तीस वर्षं शिकवलं ते काय? आधी काय दिसतंय ते मांडा, मग काय वाटतंय ते बोला.

एक कुलूप.

अक्का गर्रकन वळल्या.

५

"डॉक्टर, इकडं या. सगळे या. गुणाबाई, तूही ये."

मंडळी कोपीपुढं जमली. पत्रावळ्या मांडल्या होत्या, भज्जीचा वास सुटला होता, कुणालाही चौकशी नको होती.

"अक्का, आधी जेवून..." बसलिंगप्पा म्हणाले.

"अप्पा, ज्यांना जेवायला बोलावलं ते दोघं रस्त्यावर उभे आहेत. गप बसा." अक्कांनी राजशेखरांकडं पाहिलं. "सकाळी आलात तेव्हा कुलूप तुटलं होतं?"

"नाही."

"किल्ली?"

"माझ्या खिशात. कुलूप माझं, किल्ली एकच."

"खिडकी?"

"जाळी आहे. घट्ट."

"मग चोर आत गेला कुठून?"

राजशेखर खिशातली किल्ली चाचपू लागले.

"आत कुणी गेलंच नाही, डॉक्टर. कारण शिसं आत नव्हतंच. तुम्ही सकाळपासून खोटं बोलून राहिलात. शिसं बाहेर होतं, आणि बाहेर का होतं हे तुम्हाला सांगता येत नव्हतं. हात दाखवा."

"हात कशाला?"

"दाखवा!" हा आवाज वर्गातला होता. डॉक्टरांनी हात पुढं केले. उजव्या हाताच्या दोन नखांत करडं काहीतरी घट्ट बसलं होतं.

"ते... दवाखान्यातलं सिमेंट. पेशंटचं."

"दातांचे डॉक्टर हातमोजे घालतात. आणि हे सिमेंट नाही, पुट्टी आहे. बोटीला भोक पडलं की आपण सगळे हीच लावतो. तुमच्या बोटीला भोक नाही, सकाळी ती तुमच्या हातात होती, मी पाहिली. मग काल संध्याकाळी एकटं बसून पुट्टी लावलीत ती कशाला?"

रविकिरणच्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागला नाही. "शिशाला! वजन वाढवायला! म्हणून काट्याचं नाव काढताच अंगावर आले!"

"जड शिसं असलं की जोराच्या वाऱ्यात बोट झुकत नाही. इतरांची आडवी होते, ही सरळ पळते," अक्का म्हणाल्या. "चुकलं असेल तर सांगा, डॉक्टर."

राजशेखर खाली मातीत बसले. अंगातली सगळी ऐट गळून पडली आणि मागं नुसता एक दमलेला माणूस उरला.

"छिद्रं पाडून शिशाहून जड अशा टंगस्टनच्या कांड्या भरल्या, तीनशे ग्रॅम वजन वाढवलं," ते म्हणाले. "वर पुट्टी. ओली होती, पेटीतल्या स्पंजाला चिकटली असती, म्हणून कट्ट्यावर वाळत ठेवली. तेवढ्यात घरून फोन आला. अंधार पडत होता. कुलूप लावलं आणि निघालो. शिसं कट्ट्यावरच राहिलं, ते घरी गेल्यावर आठवलं. सकाळी येऊन बघतो तर कट्ट्यावर शिसं नाही, हरिओम बसलेला. अक्का, देवाशपथ, मला खरंच वाटलं त्यानंच घेतलं. पण कट्ट्यावर होतं म्हणालो असतो तर का होतं ते सांगावं लागलं असतं."

"मग आता ते आहे कुठं?" बसलिंगप्पांनी विचारलं.

अक्का कोपीपुढं मांडी घालून बसल्या. गुडघा कुरकुरला. त्यांनी मधल्या पांडवाला आधी नमस्कार केला आणि मग त्याच्याकडं पोरांचा पेपर तपासताना बघत तसं पाहिलं.

"रविकिरण म्हणाला, या रानात दगड नाही. मग पांडवांचे दगड येतात कुठून? वर्षानुवर्षं जपून ठेवलेले असतात. चिंचेखाली. आणि चिंचेखालची जागा जेसीबीनं गाडली. गुणाबाई, किती पांडव सापडले तुला?"

"चारच," गुणाबाई म्हणाली. तिला अजून काही कळलं नव्हतं. "एक त्या मशिनीनं बांधात घातला. मी मालकाला सांगून दमले."

"चुना दगडात मुरतो, म्हणून चौघांना बसला. या पाचव्याच्या अंगात तो मुरतच नाही, सोलून येतो. आणि बघा, बाकीचे चौघे मातीवर बसलेत. हा बोटभर आत रुतलाय. एवढ्याशा आकाराचा दगड इतका जड नसतो. गुणाबाई, हा कुठून आणलास गं?"

"मोटारीच्या खोलीच्या कट्ट्यावरून," गुणाबाई सरळ म्हणाली. "झुंजुमुंजू झालं होतं. चार पांडवांची पूजा कशी करावी, म्हणून जीव टांगणीला लागलेला माझा. तर कट्ट्यावर हा, वरवंट्यासारखा गुळगुळीत. उचलला तर लई जड. म्हटलं, देवच हाय. देवाला आपली काळजी, त्यानंच धाडला. धुतला, चुना दिला, मांडला."

कुणी हसलं नाही. आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही की हसायचं आहे. सकाळपासून ज्या शिशासाठी रान उलटंपालटं झालं, त्याच्यापुढं वीस माणसांनी कपाळ टेकलं होतं. स्वतः राजशेखरांनीसुद्धा. मग रविकिरणला फुटलं, आणि बसलिंगप्पांना, आणि गुरम्मा पदर तोंडाला लावून कोपीमागं गेल्या.

गुणाबाई मात्र रडायला लागली. "म्हंजी माझ्यामुळं त्या पोराला चोर म्हणले?"

"तुझ्यामुळं नाही," अक्का म्हणाल्या. "तू उघड्यावरची वस्तू देवाला वाहिलीस. उठा डॉक्टर. गाडी काढा."

"शिसं...?" राजशेखरांनी चाचरत विचारलं.

"हात लावून बघा!" कोपीमागून गुरम्मांचा आवाज आला. "पुजलेला देव दिवस मावळल्याशिवाय हलत न्हाई!"

६

हरिओम आणि शिल्पा फाट्यावर लिंबाखाली उभे होते. राजशेखर गाडीतून उतरले, हात जोडले. "हरिओम, शिसं सापडलं. माझी चूक झाली. माफ कर."

हरिओमनं मान हलवली. "बरं."

"चल, बस गाडीत."

"हे नुसतं लिंबाला ऐकू गेलं," शिल्पा म्हणाली. "तुमी चोर म्हणलात ते वीस माणसांत. आणि फोनवर साठ माणसांत. मुखेडात एव्हाना चहाच्या टपरीवर गेलं असंल."

राजशेखरांनी मोबाइल काढून फोटो पुसायला बोट पुढं केलं.

"पुसू नका," अक्का म्हणाल्या. "पुसलं की लोक म्हणतात, मिटवलं. त्याच्याखाली बोला. जेवढ्या आवाजात सकाळी ओरडलात, तेवढ्याच आवाजात."

मग तिथं रस्त्याच्या कडेला, माणसानं आपल्या तोंडानं आपलीच पाठ सोलावी तसं राजशेखर मोबाइलमध्ये बोलले. शिशात कांड्या मी भरल्या. वाळत मी ठेवलं. विसरलो मी. खोटं मी बोललो. हरिओमनं कशालाही हात लावला नव्हता. मी त्याच्यावर चोरीचा आळ घेतला. तेच सगळं ते पुन्हा कोपीपुढं बोलले, उभं राहून, पत्रावळीवर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. बोलताना एकदा आवाज बसला, तर अक्का म्हणाल्या, "मागच्यांना ऐकू आलं नाही, परत सांगा."

मुखेडच्या त्या माणसाचा ग्रुपवर निरोप आला: आमचा हरिओम असं करणार नाही हे आम्हाला ठाऊकच होतं. शिल्पा तो वाचून म्हणाली, "सकाळी ठाऊक न्हवतं जणू." पण मोबाइल तिनं दोनदा पाहिला, आणि मग जेवायला बसली.

जेवणं झाली. वारा चांगला सुटला. पाच बोटी पाण्यात उतरल्या. राजशेखरांची काठावर कुशीवर पडून होती. हरिओमनं रिमोट हातात घेतला आणि परत खाली ठेवला.

"काय झालं रे?" अक्कांनी विचारलं.

त्यानं हात पुढं केला. केसाएवढी तार न तुटता गुंडाळणारी ती बोटं लटलट कापत होती. "सकाळपासून अशीच करून राहिलीत अक्का. माफी मिळाली, पण हे काही ऐकंनात."

राजशेखर शेजारीच उभे होते. त्यांनी तो हात पाहिला.

"इकडं द्या," शिल्पा म्हणाली. तिनं जन्मात रिमोट धरला नव्हता. "कोणतं दाबू?"

"दाबायचं न्हाई, ढकलायचं. हळू. वाऱ्याकडं बघ, बोटीकडं नगं बघू."

अक्कांनी शिट्टी फुंकली. शिल्पाची बोट आधी उलटी फिरली, रविकिरणच्या बोटीला धडकली, डब्याला चिकटून बसली. हरिओम तिच्या मागं उभा राहून सांगत होता, डावं, आता सोड, आता ओढ. दुसऱ्या फेरीला बोट सरळ झाली. शीड भरलं. शेवटून पहिली आली, पण आली, आणि येईपर्यंत हरिओमचे हात काठी धरल्यासारखे शिल्पाच्या खांद्यावर होते आणि कापायचे थांबले होते. राजशेखर मुकाट्यानं गुडघाभर पाण्यात उतरले आणि त्यांनी तिची बोट उचलून काठावर आणून दिली.

तर बाबांनो, गोष्ट एवढीच. शिट्टी अक्कांनी पुढच्या वर्षीही फुंकली, वैतागून फुंकली. पण माझी एक विनवणी आहे. संध्याकाळी देवापुढं हात जोडाल तेव्हा स्वतःसाठी जे मागायचं ते मागा, आणि मग क्षणभर त्या मुखेडच्या हरिओमची आठवण काढा. काही केलं नसताना ज्याचे हात थरथरले, त्याच्या हातांची.